तुंबलेल्या मोरीची मीमांसा

घरात येणाऱ्या पाण्याविषयी आपण जितकी आस्था बाळगतो, तितकी घराबाहेर जाणाऱ्या पाण्याविषयी बाळगीत नाही. येणाऱ्या पाण्यासाठी टाक्या बांधल्या जातात, गाळण्या बसविल्या जातात, पाणीपट्टीच्या पावत्या दप्तरात जपून ठेवल्या जातात, आणि नळ एक दिवस कोरडा राहिला तर नगरपालिकेच्या कचेरीत तक्रारअर्ज दाखल होतात. परंतु तेच पाणी भांडी विसळून झाल्यावर खरकटे, साबण आणि स्निग्धांश पोटात घेऊन बाहेर पडू लागले म्हणजे ते कोणत्या वाटेने जाते, त्या वाटेची रुंदी किती, उतार किती आणि तिच्या अंतर्भागावर दररोज काय साचत आहे, याची विचारपूस करणारा गृहस्थ विरळाच. सिंकमध्ये पाणी तुंबून राहिले, त्यावर तेलाचा तवंग आणि चहाचा चोथा तरंगू लागला, म्हणजे मात्र घरात एकच धावपळ उडते आणि जो तो आपापला इलाज सुचवू लागतो.

या तुंबण्याला आपण अपघात समजतो, आणि कालपर्यंत सुरळीत वाहणारी नळी आजच का अडली, असा प्रश्न विचारतो. वस्तुतः तो महिनोन्महिने चाललेल्या एका संथ क्रियेचा अखेरचा दिवस असतो. या क्रियेचे मर्म असे, की जे पदार्थ मुळातच घट्ट असतात, ते बहुधा जाळीवर अडतात, डोळ्यांना दिसतात आणि चिमटीने उचलून टाकता येतात; नळीचा खरा घात करतात ते पदार्थ, जे सिंकमधून द्रवरूपाने निघतात आणि वाटेत कुठेतरी घनरूप धारण करतात. एवढी एक गोष्ट ध्यानी आली म्हणजे कोणता उपाय आधी करावा, कोणता नंतर करावा आणि कोणता मुळीच करू नये, याचा निवाडा करणे फारसे अवघड राहत नाही.

प्रथम या वाटेची रचना पाहू. सिंकच्या तळाशी जे जाळीदार भोक असते, त्याखालची नळी सरळ भिंतीत शिरत नाही. ती खाली उतरते, वळते, थोडी वर चढते आणि मगच आडवी होऊन बाहेर जाते. या वळणात काही इंच पाणी सदैव साठून राहते, आणि हे साठलेले पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यामधला दरवाजाच होय, कारण त्यातून सांडपाणी जाऊ शकते, पण गटारातील दुर्गंधी आणि वायू उलट दिशेने येऊ शकत नाहीत. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये घड्याळांचा धंदा करणारा अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली आपल्या शौचकूपाच्या पेटंटात असे वळण योजिले, आणि तेव्हापासून आजतागायत या कल्पनेत मूलतः फरक पडलेला नाही. आपल्याकडे वॉश बेसिनखाली जो बाटलीसारखा चकचकीत भाग दिसतो तो बॉटल ट्रॅप, आणि न्हाणीघराच्या फरशीत जाळीखाली बसविलेला तो न्हाणी ट्रॅप. दोहोंचे कार्य एकच.

हे पाणी आटले म्हणजे काय होते, याचे एक भयंकर उदाहरण अलीकडच्या इतिहासात नमूद आहे. २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांस झाली, आणि तपासाअंती जी कारणपरंपरा मांडण्यात आली, तीत न्हाणीघराच्या फरशीवरील कोरडे पडलेले ट्रॅप हा एक प्रमुख दुवा होता. लोक फरशी धुण्याऐवजी पुसून घेत असल्यामुळे त्या वळणांत पाणीच पडत नसे, आणि हवा ओढणारे पंखे सुरू झाले की मैलानळीतील दूषित तुषार घरात खेचले जात. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर गावी जाऊन परतल्यावर बंद घरात जी गटाराची घाण येते, तिचे कारणही हेच, आणि तिचा इलाज प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतणे एवढाच असतो. तेव्हा या वळणाचा कंटाळा करून, ते काढून सरळ नळी जोडून देण्याची जी मसलत एखादा घाईचा कारागीर देतो, ती कदापि मानू नये.

परंतु ज्या वळणामुळे घराचे रक्षण होते, त्याच वळणात प्रवाहाचा वेग मंदावतो आणि गाळ बसतो, हेही तितकेच खरे. वॉश बेसिनची नळी बहुधा ३२ मिलिमीटर व्यासाची आणि सिंकची ४० ते ५० मिलिमीटरची असते; तिच्या आडव्या भागाला चाळीस फुटांत एक फूट, या सुमाराचा उतार देण्याचा प्रघात आहे. नळी बसविताना हा उतार राखला गेला नाही, किंवा वळी पडलेली लवचिक नळी लोंबती ठेवली गेली, तर तिच्या प्रत्येक वळीत आणि प्रत्येक झोलात गाळाला आयते आसन मिळते. पुन्हा येथे भूमितीचा एक निष्ठुर नियम लागू पडतो: नळीचा अंतर्व्यास निम्मा झाला, तर तिचे क्षेत्रफळ निम्मे न होता चतुर्थांश होते, आणि उताराने वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण तर सुमारे एक-षष्ठांशावर येते. म्हणूनच थर साचू लागल्यानंतर बराच काळ काहीच जाणवत नाही, आणि मग थोड्याच दिवसांत सारे बिघडल्यासारखे वाटते.

आता हा थर कशाचा असतो ते पाहू. त्याचा मुख्य घटक म्हणजे स्निग्ध पदार्थ. मिशेल यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राणिज मेदांचे सविस्तर पृथक्करण करून असे दाखविले, की ते ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांच्या संयोगाने बनलेले असतात. तेलांचीही घडण तीच. कोणता स्नेह कोणत्या तपमानाला गोठेल, हे त्यातील मेदाम्लांच्या जातीवर अवलंबून असते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, हे हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे; साजूक तूप आणि वनस्पती तूप यांना वितळण्यास त्याहून अधिक उष्णता लागते. कढईतील गरम तुपाचा ओघळ सिंकमध्ये पडतो तेव्हा तो पाण्यासारखा वाहतो, आणि हातभर अंतरावर, गार नळीच्या भिंतीला लागताच, तेथेच मेणासारखा चिकटून बसतो. निफाडच्या बाजूस थंडीचा कडाका पडतो तेव्हा ही क्रिया किती त्वरेने होत असेल, हे सांगणे नलगे.

येथे एखादा चाणाक्ष वाचक विचारील, की आम्ही तर शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल वापरतो, ते आपल्या हवेत कधी गोठत नाही, मग आमची नळी का तुंबते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर सूर्यफूल किंवा करडई यांच्या तेलाचा पातळ थर हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू दाट आणि चिकट होत जातो. करडईचे तेल रंग आणि रोगण यांच्या निर्मितीत उपयोगी पडते ते याच गुणामुळे, आणि जुन्या कढईच्या पाठीवर खरवडूनही न निघणारा जो तांबूस थर बसलेला असतो तोही याच जातीच्या क्रियेचे, चुलीच्या धगीने वेगावलेले, फळ होय. दुसरे असे, की तळणीच्या उष्णतेने आणि नळीतील सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने तेलाचे विघटन होऊन त्यातील मेदाम्ले सुटी होतात, आणि पाण्यातील कॅल्शियमशी त्यांचा संयोग झाला म्हणजे एक अविद्राव्य साबण तयार होतो. ज्या साबणाने आपण हात धुतो तो सोडियमचा, म्हणून पाण्यात विरघळतो. हा कॅल्शियमचा, म्हणून विरघळत नाही. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात अंगाचा साबण फेसाऐवजी दह्यासारखा फाटतो, आणि बादलीच्या कडेला पांढुरका थर बसतो, तो हाच पदार्थ. तलावांचे पाणी वापरणाऱ्या मुंबईत त्याचा उपद्रव तुलनेने कमी, आणि दख्खनच्या पठारावर कूपनलिकांवर अवलंबून असणाऱ्या वस्त्यांत तो अधिक.

या चिकट द्रव्यात मग इतर जिन्नस, चुन्यात विटा बसाव्यात तसे, एकेक करून बसत जातात. भाताची शिते फुगतात. डाळीच्या पिठाचे आणि कणकेचे पाणी खळीसारखे घट्ट होते. चहाचा चोथा, मोहरीचे दाणे, कोथिंबिरीच्या काड्या, घासणीचे तुटलेले तंतू आपापली जागा धरतात. वॉश बेसिनच्या नळीत हेच काम केस करतात, आणि दाढीच्या साबणाचा फेस त्यांना एकत्र बांधून ठेवतो. या सर्वांवर कळस म्हणजे जंतूंचा बुळबुळीत लेप. पाणी, अन्न आणि अंधार ही तिन्ही जेथे नित्य मिळतात, तेथे असंख्य सूक्ष्म जीव वस्ती करतात आणि स्वतःभोवती एक श्लेष्मल आवरण निर्माण करतात. नुसत्या पाण्याच्या धारेने ते सुटत नाही. सडक्या अंड्यासारखा जो वास मोरीतून येतो, तो याच थरात प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंनी निर्माण केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. न्हाणीघराच्या भिंतीवर पतंगासारख्या लवदार पंखांच्या ज्या बारीक करड्या माश्या बसलेल्या दिसतात, त्यांच्या अळ्याही याच लेपावर पोसतात. म्हणून त्या माश्यांवर औषध फवारीत बसणे व्यर्थ होय, नळीच्या आतला थर खरवडून काढला की त्यांचा वंश आपोआप खुंटतो.

आपल्या पूर्वजांच्या मोऱ्या तुंबत नसत, असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते, आणि त्यात तथ्य आहे; परंतु त्याचे श्रेय मोरीइतकेच मोरीपलीकडच्या जमिनीस दिले पाहिजे. भांडी चुलीच्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. राख तेल शोषून घेई, आणि तिच्यातील क्षारामुळे त्या तेलाचा काही अंश साबण होऊन सुटून येई. मोरीचे पाणी उघड्या पन्हळीतून परसात जाई, आणि तेथे अळू, केळ आणि कर्दळ यांच्या मुळाशी जिरे. जो स्निग्धांश उरे त्याचा समाचार मातीतील जंतू घेत. पुढे शहरांना नळाचे पाणी मिळू लागले, मुंबईस १८६० साली विहारचे आणि १८९२ साली तानसाचे आले, आणि घरोघर वापराचे पाणी इतके वाढले, की ते परसात जिरविणे अशक्य होऊन बंद नळीची तजवीज करणे भाग पडले. अडचण अशी झाली, की वाट बदलली तरी वागणूक बदलली नाही. उघड्या पन्हळीत जे खपून जात असे तेच आपण बिडाच्या, आणि आता प्लॅस्टिकच्या, बंद नळीत लोटीत राहिलो. आणि जी राख परसात गुणकारी होती ती या नळीत लोटली, तर वळणाच्या तळाशी गाळ होऊन बसते.

उपायाकडे वळण्यापूर्वी दोष कोठे आहे याची चौकशी करावी, आणि ती घरबसल्या करता येते. एकाच सिंकचे पाणी सावकाश उतरत असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर अडथळा त्या सिंकच्या जाळीत, वळणात किंवा लगतच्या आडव्या नळीत आहे असे समजावे. सिंकमध्ये पाणी सोडल्यावर न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड ऐकू येत असेल, अथवा तेथे पाणी वर येत असेल, तर दोहोंच्या सामायिक नळीत अडथळा आहे. आणि अनेक मजल्यांच्या इमारतीत तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात वरच्यांचे सांडपाणी उफाळून येत असेल, तर दोष उभ्या नळीत किंवा आवारातील चेंबरमध्ये आहे. अशा वेळी त्या तळमजल्यावरच्या गृहस्थाने आपल्या सिंकमध्ये कितीही औषधे ओतली तरी उपयोग शून्य, कारण हा प्रश्न त्याच्या हद्दीतला नसून सोसायटीच्या हद्दीतला आहे.

दोष आपल्याच सिंकचा आहे असे ठरले, की पहिला उपाय हाताचा. जाळी काढून तिच्याखाली अडकलेले केस आणि तंतू चिमट्याने किंवा वाकविलेल्या तारेने ओढून काढावेत; वॉश बेसिनच्या बाबतीत पुष्कळदा काम येथेच संपते. नंतर वळणाखाली बादली ठेवून, हातमोजे घालून, ट्रॅपचा खालचा भाग फिरवून काढावा. प्लॅस्टिकचा असेल तर तो हातानेच सुटतो, पितळी असेल तर पान्हा लागतो, आणि पान्ह्याखाली फडके धरले म्हणजे त्यावर चरे पडत नाहीत. आत जो काळा, दुर्गंधीयुक्त गोळा मिळेल तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा, भाग जुन्या ब्रशने घासून घ्यावा, रबरी वॉशर जागच्या जागी बसवावा आणि जोड घट्ट करून पाणी सोडून गळती नाही ना याची खात्री करावी. बादलीतील घाण पाणी सवयीने त्याच सिंकमध्ये ओतण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या क्षणी सिंकखाली नळीच नसते.

एवढ्यानेही भागले नाही तर रबरी पंप, ज्याला कारागीर प्लंजर म्हणतात, तो हाती घ्यावा. त्याच्या उपयोगाची युक्ती पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून ते तो पाच-दहा वेळा दाबून निराश होतात. सिंकमध्ये इतके पाणी असावे की रबराची वाटी त्यात बुडून जाईल, कारण पाणी दाबले जाऊन आकसत नाही आणि आपला जोर जसाच्या तसा अडथळ्यापर्यंत पोचविते, तर हवा आकसते आणि जोर स्वतःच गिळून बसते. बेसिनच्या वरच्या कडेजवळ ज्यादा पाणी जाण्यासाठी जे भोक असते, ते ओल्या फडक्याने बंद करावे, आणि जोडसिंक असेल तर दुसऱ्या सिंकचे तोंडही बुजवावे, नाहीतर सारा दाब तेथून निसटतो. दाबण्याइतकेच महत्त्व ओढण्याला आहे. उलटसुलट हालचालीने अडथळा आधी सैल होतो आणि मग फुटतो. या उपायालाही जो गाळ दाद देत नाही त्यासाठी लांब स्प्रिंगची तार असते, जी फिरवीत फिरवीत आत सरकवितात. आपल्याकडे सफाई कामगार बांबूच्या लांब चिरफळ्या वापरीत आले तेही याच हेतूने. अमेरिकेत सॅम्युएल ब्लँक याने १९३३ साली धुलाईयंत्राची मोटर आणि पोलादी दोर यांची जोडणी करून अशी तार यंत्राने फिरविण्याची युक्ती काढली, आणि आज मोठ्या इमारतींच्या नळ्या साफ करणारी यंत्रे तिच्याच वंशातली आहेत.

गरम पाणी हा घरगुती उपाय फार जुना, आणि स्निग्ध थर कोवळा असेल तर गुणकारीही. परंतु येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. आजच्या बहुतेक नळ्या पीव्हीसीच्या असतात, आणि हे प्लॅस्टिक ६० अंशांपलीकडची उष्णता सतत सोसण्यासाठी बनविलेले नसते. सुमारे ८० अंशांच्या आसपास तर ते मऊच पडू लागते. म्हणून उकळते आधण ओतू नये, हात चटकन मागे घ्यावा लागेल इतपतच पाणी गरम असावे. दुसरे असे, की नुसत्या गरम पाण्याने वितळलेले तूप पुढे जाऊन पुन्हा गोठते, म्हणजे अडचण आपल्या हद्दीतून पुढच्या हद्दीत ढकलली जाते, एवढेच. त्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून घेतला, किंवा भांड्यांचा साबण मिसळला, तर स्निग्धांशाचे बारीक कण होऊन ते पाण्याबरोबर वाहून जाण्याची शक्यता वाढते.

या सोड्यावरून एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे प्राप्त आहे. खाण्याचा सोडा नळीत टाकून त्यावर व्हिनेगर ओतावे, म्हणजे जो फेस उसळतो तो नळी साफ करतो, असे सांगितले जाते, आणि फेस डोळ्यांना दिसत असल्यामुळे त्यावर विश्वासही बसतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने येथे एक क्षार आणि एक आम्ल परस्परांना मारून टाकतात. कार्बन डायॉक्साइड उडून जातो आणि मागे उरते ते सोडियम अॅसिटेटचे फिक्कट खारे पाणी, ज्याच्या अंगी तेल सोडविण्याचे बळ नाही. फेसाच्या चळवळीने थोडा सैल गाळ हलला तर हलेल. पण तेवढे काम पंपाचे दोन फटकेही करतात.

खरे बळ आहे ते कॉस्टिक सोड्याचे, आणि म्हणूनच खरा धोकाही त्याचाच. बाजारात नळी मोकळी करण्याची जी दाणेदार चूर्णे मिळतात, त्यांचा मुख्य घटक हाच. अमेरिकेत हॅरी ड्रॅकेट याने १९२३ साली ड्रॅनो या नावाने असे चूर्ण तयार केले, तेव्हा त्यात अॅल्युमिनियमचे बारीक तुकडे मिसळले होते. कॉस्टिकशी त्यांचा संयोग झाला म्हणजे उष्णता आणि हायड्रोजन वायू उत्पन्न होतो, आणि त्या खळबळीने थर सुटतो. नुसता कॉस्टिकही पाण्यात पडताच फार तापतो, स्निग्धांशाचा साबण करतो आणि केसांनाही हळूहळू विरघळवितो. तथापि तो तुंबून उभ्या असलेल्या पाण्यात टाकला, तर अडथळ्यापर्यंत पोचण्याआधीच वळणाच्या तळाशी त्याचा दगडासारखा गोळा होऊ शकतो, आणि मग मूळ रोगावर हा दुसरा रोग जडतो. चूर्ण नेहमी पाण्यात घालावे, चूर्णावर पाणी ओतू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असल्यावाचून डबा उघडू नये. डोळ्यांत कण उडालाच तर घटका दोन घटका विचार करीत न बसता लगोलग वाहत्या पाण्याखाली डोळा धरून निदान वीस मिनिटे धुवावा आणि डॉक्टर गाठावा, कारण क्षाराची जखम पुष्कळदा आम्लाच्या जखमेहून खोल जाते. अॅल्युमिनियमचे भांडे त्या वेळी सिंकमध्ये असू नये. आणि असे चूर्ण टाकूनही नळी मोकळी झाली नाही, तर त्यावर पंप चालवू नये, आणि कारागीर बोलाविल्यास आत काय टाकले आहे हे त्यास आधी सांगावे. हे न सांगणे म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर ते पाणी उडू देण्यासारखेच होय.

आम्लाची, म्हणजे शौचालय धुण्याच्या द्रवाची किंवा मुरिअॅटिक अॅसिडची, योजना सिंकसाठी करू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आम्ल तेलाला विरघळवीत नाही; कॅल्शियमच्या साबणातून त्याने मेदाम्ल सुटे केले, तरी ते मेदाम्ल नळीतच राहते. उलट बिडाच्या नळीला ते खाते, सांध्यांतील सिमेंटला खाते, आणि आपल्या घरांतील ओट्याचा कडप्पा आणि मोरीची शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड असल्यामुळे त्यांच्यावर पांढरे, खरखरीत डाग कायमचे पाडते. याहून गंभीर गोष्ट अशी, की ज्या मोरीत थोड्या वेळापूर्वी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी टाकले आहे, तीत हे आम्ल ओतले तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने जो वायू सोडला तो हाच. बंद न्हाणीघरात तो निर्माण करण्यास युद्धखात्याची गरज लागत नाही, दोन बाटल्या आणि थोडे अज्ञान पुरते. दोन रसायने एकत्र करू नयेत, किंबहुना एक निष्फळ झाल्यावर त्याच दिवशी दुसरे ओतू नये, हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा नियम.

आपण नळी मोकळी केली म्हणजे थर नाहीसा झाला, असे नव्हे. त्याने फक्त मुक्काम हलविला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटास नकोसे केल्यावर जोसेफ बॅझलगेट याने लंडनसाठी जी विशाल गटारयोजना पार पाडली, त्या शहराच्या व्हाइटचॅपेल भागातील एका जुन्या गटारात २०१७ साली तेल, चरबी आणि ओल्या पुसण्या यांचा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला, आणि तो फोडून काढण्यास कामगारांना कित्येक आठवडे खपावे लागले. लंडनमध्ये निदान त्या कामगारांच्या अंगावर संपूर्ण पोशाख होता आणि हाती दाबाच्या पाण्याची यंत्रे होती. आपल्याकडे गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवून असे धोक्याचे काम करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या वारसांस दहा लाख रुपये आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई देण्याचे फर्माविले, आणि तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ज्या हायड्रोजन सल्फाइडची आपल्याला सिंकपाशी किंचित घाण येते, तोच वायू कोंडलेल्या चेंबरमध्ये दाट झाला म्हणजे प्रथम घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणून निर्धास्त होणारा माणूस त्याच क्षणी मृत्यूच्या दारात असतो. सोसायटीचा चेंबर तुंबल्यास कमी पैशांत माणूस उतरवून काम करून देणारा ठेकेदार नाकारणे आणि यंत्राने काम करणारा बोलाविणे, हे म्हणूनच काटकसरीच्या हिशेबात बसणारे नसले तरी कायद्याने आणि माणुसकीने बंधनकारक आहे.

या सगळ्याचा निष्कर्ष असा निघतो, की सफाईचे खरे स्थान नळीच्या आत नसून सिंकच्या अलीकडे आहे. तळणीचे उरलेले तेल कधीही मोरीत ओतू नये. एकच तेल पुन्हा पुन्हा तापविले म्हणजे त्यात अपायकारक ध्रुवीय संयुगे वाढत जातात, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून खाद्यव्यावसायिकांसाठी त्यांची मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. असे निकामी तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनविण्याचा उपक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. घरातले थोडे तेल थंड करून बाटलीत साठवावे, किंवा रद्दी कागदात शोषून कचऱ्यात टाकावे. तुपाचे भांडे, फोडणीची कढई, लोणच्याची बशी आधी कागदाने पुसून मग पाण्याखाली धरावी. तूप कढविलेल्या भांड्यातच कणीक मळण्याची आपल्या घरांतील जुनी चाल या दृष्टीने फार शहाणपणाची, कारण तीत एक थेंबही नळीच्या वाट्यास जात नाही. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी असावी, तीत जमलेले खरकटे रोज काढावे, आणि आठवड्यातून एकदा सोड्याचे गरम पाणी सोडावे. दिवाळीचा फराळ तळून झाल्यावरचे दोन दिवस हे नियम अधिक कसोशीने पाळावेत.

मात्र हे नियम कोणी कोणास सांगावयाचे, हाही प्रश्न आहे. आपल्या समाजात नळीचा खर्च मंजूर करणारा हात आणि भांडी घासणारा हात बहुधा एकच नसतो. घासणारी घरची गृहिणी असते किंवा कामाला येणारी बाई असते, आणि तिला ताशी किती भांडी हातावेगळी झाली यावर जोखले जाते, नळीत काय गेले यावर नव्हे. तिच्या हाताशी ना पुसण्याचा कागद ठेवलेला असतो, ना गरम पाणी, ना खरकट्यासाठी वेगळे भांडे; आणि नळी तुंबली म्हणजे ठपका मात्र तिच्यावर येतो. ज्याला आपल्या घरची मोरी वाहती ठेवावयाची आहे त्याने प्रथम या तीन वस्तूंची तजवीज करावी, भांडी पुसून धुण्यास जो थोडा अधिक वेळ लागतो तो तिच्या कामाच्या वेळेत आणि मोबदल्यात धरावा, आणि तीन-चार महिन्यांतून एकदा ट्रॅप उघडून साफ करण्याचे काम स्वतःकडे घ्यावे. त्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि ते करणाऱ्यास आपल्या घरातून काय बाहेर जाते, हे एकदा पाहिल्यावर दुसऱ्याने सांगावे लागत नाही.